बारा मिलिग्रॅम कुठे गेले?

“मॅम, वजन कमी येतंय. काय लिहू?”

पीएच.डी. करणाऱ्यांना आमच्याकडे एफवायच्या प्रॅक्टिकलना मदतनीस म्हणून उभं राहावं लागतं. त्या दिवशीचा प्रयोग अगदी साधा होता. मॅग्नेशियमची फीत क्रूसिबलमध्ये तापवून जाळायची, आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, आणि ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे वजन किती वाढलं ते काढायचं. क्रूसिबल म्हणजे सोनाराच्या मुशीचंच भावंड, फक्त पांढऱ्या पोर्सेलीनचं आणि झाकणवालं. या मुलीनं ०.२४३ ग्रॅम फीत घेतली होती. गणितानं ०.४०३ ग्रॅम पांढरी राख मिळायला हवी. तिला मिळाली ०.३९१. बारा मिलिग्रॅम कमी.

शेजारच्या बाकावर मात्र चौघांनाही बरोब्बर ०.४०३ आलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर चौघांच्या वहीत सुरुवातीचं वजनही ०.२४३ च होतं, आणि बर्नर अजून पेटायचा होता.

मला रागवायला हवं होतं, पण रागवायचा अधिकार मला नव्हता. हेच मी बीएस्सीला केलंय. “जर्नलमध्ये बरोबर उत्तर लिही, एक्झॅमिनरला गोंधळात टाकू नकोस,” असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी ते मुकाट ऐकलं होतं. उत्तर आधी ठरवायचं, मग उलट गणित करून रीडिंग काढायचं, वर खरं वाटावं म्हणून शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे करायचा. या कलेत मी बरीच पारंगत होते. त्यामुळे “काय लिहू?” या प्रश्नामागे काय आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं. तिला खरं विचारायचं होतं ते असं: “मी जे पाहिलं ते लिहू, की तुम्हाला हवंय ते?”

मी तिला म्हटलं, तुला मिळालंय ते लिही. आणि क्रूसिबल फेकू नकोस, त्यात अजून काम आहे.

आजचा लेख त्या बारा मिलिग्रॅमबद्दल आहे.

आधी नियम. आपण नववीत ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ शिकतो: रासायनिक अभिक्रियेत अभिक्रियाकारकांचं एकूण वस्तुमान आणि उत्पादितांचं एकूण वस्तुमान सारखंच असतं. कारणही सरळ आहे. अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत, नष्ट होत नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. लग्नसमारंभात पंगती कितीही बदलल्या तरी पानांची संख्या तीच राहावी, तसं.

पण इतका सोपा नियम माणसाला इतक्या उशिरा का सापडला? याचं उत्तर ‘एकूण’ या शब्दात आहे. कशाचं एकूण? हिशेबाची हद्द कुठे आखायची?

एक घरगुती उदाहरण घेऊ. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील, म्हणून ते तांब्याला हाकलून त्याची जागा घेतं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. आता सांगा, खिळ्याचं वजन वाढेल की घटेल? लोखंडाचा एक अणू विरघळतो तेव्हा तांब्याचा एक अणू बाहेर येऊन बसतो. लोखंडाचा अणुभार ५५.८५, तांब्याचा ६३.५५. म्हणजे खिळा जड होतो. याच द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला तर? जस्त लोखंडापेक्षाही जास्त अभिक्रियाशील, पण त्याचा अणुभार ६५.३८. त्यामुळे जस्ताचा तुकडा, सगळं तांबं त्यालाच चिकटून राहिलं तरी, हलका होत जातो. दोन्हीकडे विस्थापन तेच, एकीकडे वजन वाढलं आणि दुसरीकडे घटलं. फक्त धातूचा तुकडा काट्यावर ठेवणाऱ्याला वाटेल की निसर्ग लहरी आहे. तुकडा आणि द्रावण, अख्खा पेला काट्यावर ठेवला की आकडा हलत नाही.

द्रावणाचं ठीक आहे, ते दिसतं. हवेचं काय करायचं? धातू भाजला की त्याचं भस्म होतं आणि भस्म मूळ धातूपेक्षा जड भरतं, हे युरोपातल्या रसायनज्ञांना फार आधीपासून माहीत होतं. १६७३ मध्ये रॉबर्ट बॉइलनं यावर लिहिलं. त्यानं कथील काचेच्या बंद पात्रात भाजलं, मग पात्र उघडलं, उघडताना हवा सूं करून आत शिरली, आणि त्यानंतर वजन केलं. वजन वाढलेलं होतं. त्यानं निष्कर्ष काढला की आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरून धातूला चिकटले. माणूस थोर होता, प्रयोग जवळजवळ अचूक होता, चूक एकच झाली: पात्र आधी उघडलं आणि वजन नंतर केलं. १७५६ मध्ये रशियात लोमोनोसोव्हनं हाच प्रयोग पात्र न उघडता केला. वजन तेच राहिलं.

मग आला लाव्हाझिए. हा पेशानं फ्रेंच राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी मंडळीत भागीदार होता (त्याच कारणानं १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला), त्यामुळे जमाखर्चाची खोड अंगात मुरलेली. १७७४ मध्ये त्यानं कथील आणि शिसं बंद पात्रात भाजलं. भाजण्याआधी आणि भाजल्यावर, पात्रासकट वजन सारखंच. मग पात्राचं तोंड फोडलं, हवा आत घुसली, वजन वाढलं. भस्माचं वजन जितकं वाढलं होतं, जवळपास तितकीच हवा बाहेरून आत आली होती. म्हणजे धातूनं जे खाल्लं ते पात्रातल्या हवेतूनच खाल्लं. आगीचे कण वगैरे काही नाही.

हे मी इतक्या सविस्तर सांगतेय कारण वर्गात हा नियम सांगताना एक गोष्ट निसटते. वस्तुमान टिकतं हे लाव्हाझिएनं ‘शोधून’ काढलं असं आपण म्हणतो, पण खरं तर त्यानं ते गृहीत धरलं आणि मग गृहीताचा उपयोग हवेतला लपलेला भागीदार पकडायला केला. हिशेब लागत नसेल तर वस्तुमान नाहीसं झालेलं नाही, आपण कुणालातरी मोजायचं विसरलोय. हा नियम कायद्यापेक्षा हेरासारखा वापरायचा असतो.

(एक बारीक तळटीप, नाहीतर भौतिकशास्त्राचे वाचक मला सोडणार नाहीत. आइन्स्टाइनच्या हिशेबानं ऊर्जा बाहेर गेली की वस्तुमानही किंचित घटतं. ४० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होताना सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती सगळी निघून गेली तर वस्तुमान सुमारे ७ नॅनोग्रॅमनं कमी होईल. आमच्या प्रयोगशाळेचा काटा मिलिग्रॅम दाखवताना पंख्याच्या वाऱ्यानं डुलतो. तेव्हा बारा मिलिग्रॅमचा आळ आइन्स्टाइनवर घालता येणार नाही.)

मग आळ कुणावर? त्या मुलीला मी संशयितांची यादी करायला सांगितली. पहिला संशयित धूर. मॅग्नेशियम जळताना पांढरा धूर निघतो, तो मॅग्नेशियम ऑक्साइडच असतो, आणि झाकण जरा जास्त उघडलं की आपलं उत्पादित पंख्याकडे उडून जातं. दुसरा, फीत पूर्ण जळलीच नसेल. तिसरा, सुरुवातीला फितीवर काळपट थर असेल, म्हणजे वजन करताना आपण शुद्ध धातू मोजलाच नाही. तिनं फीत पॉलिश पेपरनं घासली होती, झाकण सांभाळून उघडलं होतं, वजन दोनदा तेच येईपर्यंत तापवलं होतं. पोरगी काटेकोर होती.

चौथा संशयित तिच्या यादीत नव्हता, कारण पुस्तकात तो ‘निष्क्रिय’ म्हणून सोडून दिलेला असतो. नायट्रोजन.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के. मॅग्नेशियम आधी ऑक्सिजनवर तुटून पडतं, त्यात शंका नाही. पण क्रूसिबलवर झाकण असतं. आतला ऑक्सिजन पटकन संपतो, नवा यायला वेळ लागतो, आणि आत लालबुंद तापलेला, भुकेला धातू नायट्रोजनच्या गराड्यात बसलेला असतो. मग तो नायट्रोजनही खातो. तयार होतं मॅग्नेशियम नायट्राइड: मॅग्नेशियमचे तीन अणू, नायट्रोजनचे दोन. रंग हिरवट पिवळा. राखेचा ढेकूळ फोडला तर आतल्या बाजूला कधी कधी तो रंग दिसतोही.

आता वजनाकडे पाहा. मॅग्नेशियमचा अणुभार २४.३, ऑक्सिजनचा १६. ऑक्साइडमध्ये एकास एक, म्हणून १०० ग्रॅम मॅग्नेशियमपासून सुमारे १६६ ग्रॅम ऑक्साइड मिळतं. नायट्राइडमध्ये तीन मॅग्नेशियम म्हणजे ७२.९, आणि दोन नायट्रोजन म्हणजे २८. त्यामुळे १०० ग्रॅम मॅग्नेशियमपासून फक्त १३८ ग्रॅम नायट्राइड मिळतं. धातूचा जेवढा भाग नायट्रोजनकडे वळला, तेवढी वजनवाढ कमी भरणार. बारा मिलिग्रॅमची पूर्ण तूट नायट्राइडच्या नावावर टाकली तर तिच्या फितीतलं साधारण १८ टक्के मॅग्नेशियम तिकडे गेलं असणार.

हे झालं कागदावर. खरं कशावरून? यासाठीच क्रूसिबल ठेवायला सांगितलं होतं. ते गार झाल्यावर त्यात डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब टाकले आणि हलकेच तापवलं. नायट्राइडवर पाणी पडलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. ओला लाल लिटमस वर धरला, निळा झाला. त्याहीआधी वासानंच कळलं होतं. तो वास ओळखायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, एसटी स्टँड पुरतो. मग क्रूसिबल जोरात तापवून हायड्रॉक्साइडमधलं पाणी घालवलं, म्हणजे उरलं फक्त ऑक्साइड. पुन्हा वजन केलं: ०.४०१. दहा मिलिग्रॅम परत आले. उरलेले दोन धुरात गेले असं आम्ही मान्य करून टाकलं.

पाण्याच्या थेंबांची ही पायरी पुष्कळ प्रॅक्टिकलच्या पुस्तकांत छापलेली असते. वेळ नाही म्हणून ती गाळली जाते, आणि मग तूट भरून काढायला पेन वापरलं जातं.

आता खरा प्रश्न. हे सगळं मॅग्नेशियमच का करतं? तांबं हवेत तापवलं तर काळं कॉपर ऑक्साइड होतं आणि विषय संपतो. तांबं नायट्रोजनकडे ढुंकूनही बघत नाही.

नायट्रोजनचा रेणू म्हणजे दोन अणूंमधला तिहेरी बंध. तो तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनचा बंध जवळपास निम्म्यात, ४९८ मध्ये तुटतो. नायट्रोजन ‘निष्क्रिय’ वाटतो तो यामुळे: त्याच्या दारात प्रवेश फी फार मोठी आहे. ही फी भरायची कुवत कुणाची? ज्याला नंतर त्याहून मोठा परतावा मिळणार आहे त्याची. मॅग्नेशियमचे दोन इलेक्ट्रॉन गेले की त्याचा छोटासा, दोन धन प्रभार असलेला आयन होतो. नायट्रोजन तीन इलेक्ट्रॉन घेऊन तीन ऋण प्रभाराचा होतो. लहान आयन, मोठे प्रभार, म्हणजे एकमेकांना घट्ट धरून बसलेलं स्फटिक, आणि ते बनताना भरपूर ऊर्जा सुटते. फी वसूल होऊन वर उरते. तांब्याच्या बाबतीत हा व्यवहार तोट्याचा आहे, म्हणून ते त्यात पडत नाही.

इथे अभिक्रियाशीलता श्रेणीबद्दल माझी एक तक्रार. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड… ही रांग आपण पाढ्यासारखी घोकतो आणि समजतो की वरचा धातू प्रत्येक बाबतीत खालच्यापेक्षा जोरदार. तसं नाही. ही रांग मुख्यतः पाण्याशी, आम्लांशी आणि एकमेकांच्या क्षारांशी धातू कसे वागतात त्यावरून लावलेली आहे. नायट्रोजन समोर आला की रांग मोडते. सोडियम मॅग्नेशियमच्या वर, पण नायट्रोजनमध्ये तापवला तर तो नायट्राइड देत नाही. त्याच्याच कुळातला लिथियम मात्र साध्या खोलीच्या तापमानालाही नायट्रोजनशी अभिक्रिया करून काळवंडतो. कारण तोच हिशेब: एका नायट्रोजनला तीन सोडियम लागतात, सोडियमचा आयन मोठा आणि प्रभार एकच, त्यामुळे परतावा कमी पडतो. लिथियमचा आयन इटुकला, पकड घट्ट, परतावा पुरतो. अभिक्रियाशीलता हा धातूचा एकट्याचा स्वभाव नाही. समोर कोण आहे त्यावर ती ठरते. माणसांसारखंच, पण तो विषय दुसऱ्या ब्लॉगचा.

आणि आता ती गोष्ट, जी त्या मुलीला सांगायला मला प्रॅक्टिकलमध्ये वेळ मिळाला नाही.

१८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅली वायूंच्या घनता मोजत होता. काम कंटाळवाणं: काचेचा मोठा गोळा रिकामा करायचा, वायूनं भरायचा, वजन करायचं, पुन्हा तेच. नायट्रोजन मिळवायच्या त्याच्याकडे दोन रीती होत्या. एक म्हणजे हवा लालबुंद तापलेल्या तांब्यावरून न्यायची. तांबं ऑक्सिजन खातं, नायट्रोजन सोडून देतं. दुसरी रीत अमोनियापासून नायट्रोजन मिळवायची. दोन्ही नायट्रोजनच. पण हवेतला नायट्रोजन दरवेळी किंचित जड भरायचा. फरक हजारात एक भाग.

हजारात एक! मी असते तर (बीएस्सीची मी) शेवटचा अंक बदलून मोकळी झाले असते. रॅलीनं १८९२ मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून उघडपणे विचारलं की मला हे उमगत नाहीये, कुणाला काही सुचतं का. आणि मग त्यानं जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. फरक कमी करण्याऐवजी त्यानं तो वाढवायचा प्रयत्न केला. अमोनियाच्या रीतीत तो आधी हवाच वापरत होता, त्यामुळे त्या नायट्रोजनमध्येही बराचसा हवेतलाच होता. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून त्यानं फक्त अमोनियातला नायट्रोजन मिळवला. फरक एकदम दोनशेत एक झाला. त्याच गोळ्यात हवेतला नायट्रोजन भरला तर २.३१० ग्रॅम, रसायनांतून मिळवलेला भरला तर २.२९९ ग्रॅम. म्हणजे अकरा मिलिग्रॅम. आमच्या क्रूसिबलमधल्या तुटीच्या अगदी शेजारचा आकडा, निव्वळ योगायोगानं.

हे अकरा मिलिग्रॅम कुणाचे? आता दुसरा धातू हवा होता. तांब्याच्या चाळणीतून ऑक्सिजन अडला होता, नायट्रोजन आणि त्याच्यासोबत जे काही असेल ते निसटलं होतं. नायट्रोजनही अडेल अशी चाळणी कोणती? तापलेलं मॅग्नेशियम. लंडनमध्ये विल्यम रॅमझीनं हवेतला ‘नायट्रोजन’ तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायूचं आकारमान घटत गेलं आणि उरलेल्याची घनता चढत गेली. हायड्रोजनच्या तुलनेत नायट्रोजनची घनता १४. ती वाढत वाढत २० च्या जवळ पोहोचली. शेवटी जो थोडासा वायू उरला त्याला मॅग्नेशियमही खाईना. त्याच्या वर्णपटात कुठल्याच माहीत मूलद्रव्याच्या नसलेल्या रेषा होत्या. ऑगस्ट १८९४ मध्ये दोघांनी शोध जाहीर केला आणि नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीक भाषेत ‘आळशी’.

आज आपण ताळा करून पाहू शकतो. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के. ऑक्सिजन काढून टाकला की उरलेल्या वायूत तो सुमारे १.२ टक्के होतो. नायट्रोजनचा रेणुभार २८, आर्गॉनचा ४०, बाराचा फरक. बाराचे १.२ टक्के म्हणजे ०.१४. अठ्ठावीसात ०.१४ म्हणजे बरोब्बर दोनशेत एक. पै न पै जुळली.

या गोष्टीला एक जुनं शेपूटही आहे. हेन्री कॅव्हेंडिशनं १७८५ मध्येच हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत आणला होता, आणि शेवटी एक बुडबुडा उरला होता, नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही. त्यानं तो प्रामाणिकपणे नोंदवला आणि पुढे गेला. तो बुडबुडा बहुतांशी आर्गॉन होता. नोंद शंभरावर वर्षं वहीत पडून राहिली, पण होती म्हणून रॅलीच्या उपयोगी पडली. १९०४ मध्ये रॅलीला भौतिकशास्त्राचं आणि रॅमझीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझ्या कामाशी याचा संबंध रोजचा आहे. मी मॅग्नेशियमच्या बारीक पावडरीत हायड्रोजन साठवण्यावर काम करते. मॅग्नेशियम हायड्रोजन शोषून हायड्राइड होतं आणि तापवलं की तो परत देतं. हायड्राइडच्या वजनात ७.६ टक्के हायड्रोजन असतो, हे धातूंच्या मानानं फार चांगलं आहे. पण पावडर म्हणजे पृष्ठभागच पृष्ठभाग. फितीला जे जाळल्यावर होतं ते पावडरीला नुसतं हवेत ठेवलं तरी हळूहळू होऊ लागतं. म्हणून आमचं सगळं काम ग्लोव्ह बॉक्समध्ये चालतं, काचेच्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून. त्या पेटीत भरलेला असतो आर्गॉन.

मध्यंतरी खरेदी विभागाकडून शेरा आला होता की आर्गॉनऐवजी स्वस्त नायट्रोजन का वापरत नाही, तोही निष्क्रियच आहे ना. मी आणि माझ्या सीनियरनं मिळून दीड पानी उत्तर लिहिलं. आमची पावडर बॉल मिलमध्ये दळताना क्षणोक्षणी धातूचा कोरा पृष्ठभाग उघडा पडतो आणि घर्षणानं तापतो, आणि त्याच पेटीत शेजारचा गट लिथियम हाताळतो. लिथियमला नायट्रोजनच्या पेटीत ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. उत्तर मंजूर झालं. मॅग्नेशियमला जो खाता आला नाही म्हणून सापडला, त्याच वायूत आज आम्ही मॅग्नेशियम सांभाळतो.

तरीही गेल्या वर्षी माझे आकडे जुळेनात. ७.६ च्या जागी ६.९ टक्केच हायड्रोजन येत होता. तीन आठवडे मी मशीनवर संशय घेतला, कॅलिब्रेशन केलं, गळती शोधली. गाईड प्रत्येक मीटिंगला एकच विचारायचे, “उरलेलं काय आहे?” ‘किती कमी आलं’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मग हिशेब उलटा मांडला. ६.९ भागिले ७.६ म्हणजे सुमारे ०.९. म्हणजे पावडरीतलं दहा टक्क्यांच्या आसपास वस्तुमान हायड्रोजन घेतच नाहीये. ते काय असेल? एक्सआरडी केलं आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची शिखरं समोर उभी. पेटीच्या डाव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी टाचणीएवढं भोक होतं. त्या भोकातून आत आलेला ऑक्सिजन हायड्रोजनच्या आधी जागा पटकावून बसला होता. हातमोजा बदलला. पण त्या तीन आठवड्यांतली ६.९ ची रीडिंग्ज थीसिसमध्ये तशीच जाणार आहेत, ऑक्साइडचा परिणाम दाखवणाऱ्या तक्त्यात. तो तक्ता मी मुद्दाम करायचं ठरवलं नव्हतं.

हा प्रयोग तुम्ही कुठे करणार असाल तर दोन सूचना. जळत्या मॅग्नेशियमकडे थेट पाहू नका. आणि ते विझवायला पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरू नका. तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं, आणि कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेऊन काळा कार्बन मागे ठेवतं. त्याच्यासाठी दोन्ही इंधनच.

त्या मुलीनं जर्नलमध्ये दोन्ही वजनं लिहिली, ०.३९१ आणि ०.४०१, आणि मध्ये एक ओळ: ‘पाणी टाकल्यावर अमोनियाचा वास.’ शेजारच्या बाकावरच्या चौघांना मी पुढच्या मंगळवारी परत बोलावलं, प्रत्येकाला वेगळी फीत दिली. एकाला नऊ मिलिग्रॅम कमी आले, एकाला चौदा, एकाला एकवीस. चौथ्याचं क्रूसिबल तडकलं. त्यानं तसं लिहिलं.